बुधवारच्या दुपारची शिफारस

आप्पा,

काल वाचनालयाचं वर्षअखेरचं पत्रक वाचून झालं आणि त्यातलं तुमचं नाव मी माझ्या हाताने खोडलं. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की हे तुमच्या कानावर घालणारं आता कर्जतात कोणी उरलेलं नाही. तरी घरात काही घडलं की ज्याने ते केलं त्यानेच येऊन सांगायचं, ही शिस्त तुमची. कपबशी फुटली तरी आम्ही तुमच्या बैठकीच्या दाराशी येऊन उभे राहायचो. तशीच आज उभी आहे असं समजा. फरक इतकाच, की मान खाली घातलेली नाही.

आधी बातम्या सांगते, पत्रकात असतात त्याच क्रमाने. वाचनालय अजून तिथेच आहे, पेठेच्या मागे, जुन्या भाताच्या गोदामात. कौलं यंदा निम्मी बदलली. वाळवीने चरित्रांचं कपाट खाल्लं आणि कादंबऱ्यांना तोंड लावलं नाही, म्हणून चिटणीस म्हणाले, वाळवीलासुद्धा थोर पुरुषच लागतात. युद्धामुळे कागद मिळत नाही. नवी पुस्तकं जवळजवळ आलीच नाहीत, आणि मासिकं येतात ती इतकी रोडावलेली की दोन अंक एकावर एक ठेवले तरी पूर्वीच्या एकाएवढे भरत नाहीत. रॉकेल परवान्यावर, त्यामुळे संध्याकाळची मंडळी दिवेलागणीलाच उठतात. हार्मोनियमचा भाता फाटला होता, तो नेरळच्या एका चांभाराने शिवून दिला. सूर जरा नाकात येतो, पण येतो. शाळेच्या मुलांचं नाटक दुसऱ्या अंकात थांबवावं लागलं, दिवे मालवायचा हुकूम आला म्हणून. राजा काळोखात सिंहासनावर बसून राहिला आणि लोकही उठले नाहीत. स्टेशनवरच्या दिव्यांना निळा रंग फासलाय. सैनिकांच्या गाड्या येतात, घाट चढायला मागचं इंजिन लागेपर्यंत थांबतात, आणि तेवढ्यात एखादा गोरा पोरगा उतरून मोडक्या हिंदीत वाचायला काही आहे का म्हणून विचारतो. मी त्यांना आपल्या इंग्रजी कपाटातली पुस्तकं देऊन टाकली. चिटणीस रागावले. ती परत येतील का, म्हणाले. मी म्हटलं, आधी तो पोरगा परत येऊ दे.

पत्रक म्हणजे काय, हे तुम्हाला मी सांगायचं म्हणजे नवलच. तरी सांगते, कारण कालचं सगळं त्यावरच घडलं. डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी उन्हं कलली की ओट्यावर उभं राहून ते मोठ्याने वाचायचं. आधी वर्षभरात काय झालं ते, मग शिफारशी: काय वाचावं, काय ऐकावं, काय पाहावं. तुम्ही त्याला दोनच नियम घातले होते. ज्याची शिफारस असेल त्याने सगळ्यांसमोर उभं राहून तिचा मासला द्यायचा, पुस्तक असेल तर एक पान, गाणं असेल तर एक कडवं. "ज्याला आवडलंय त्याच्याच तोंडून येऊ दे, म्हणजे आवड खरी की उसनी ते कळतं," असं तुम्ही म्हणायचा. आणि दुसरा, की पत्रकात जे आलं ते पुढच्या वर्षी चालू, जे आलं नाही ते आपोआप बंद. ठराव नको, भांडण नको. शेवटी आवारात पोपटी लावायची, मडक्यात भांबुर्ड्याचा पाला नि वालाच्या शेंगा, आणि मडकं उघडलं की बातम्या, शिफारशी, रुसवेफुगवे सगळं त्या वासात विसरून जायचं. अजून तसंच चालतं. दोन्ही नियम भिंतीवर तुमच्याच अक्षरात आहेत.

हे नियम केलेत तेव्हा मी सोळा वर्षांची, पुण्याच्या कॉन्व्हेंटातून नुकतीच परत आलेली. तुम्ही मला घाट चढून तिकडे घातलंत म्हणून गावाने तुम्हाला किती बोलून घेतलं, ते मला आईकडून कळलं, तुमच्याकडून कधीच नाही. निघताना इंग्रजीच्या सिस्टरने मला एक पुस्तक दिलं होतं, एका बाईने खेचरावर बसून एकटीने केलेल्या डोंगरातल्या प्रवासाचं. त्यातलं एक पान मी मराठीत उतरवलं. नदीला पूर आलाय, वाटाड्या म्हणतो बाईमाणसाने आता मागे फिरावं. ती काही वाद घालत नाही. काठावर तीन दगड मांडते, चहा उकळते, त्यालाही देते, आणि पाणी उतरेपर्यंत बसून राहते. मी ते पान तुमच्या हातात दिलं आणि म्हटलं, ही माझी शिफारस. तुम्ही वाचलंत, घडी केलीत, खिशात घातलीत. रविवारी मी गोदामाच्या आतल्या दाराआड बसले आहे, फळीच्या फटीला डोळा लावून. तुम्ही ओट्यावर उभे राहता, काळा कोट, उपरणं, आणि म्हणता, "एका सभासदाची शिफारस." कोण सभासद ते सांगत नाही. माझी वाक्यं तुमच्या आवाजात बाहेर पडतात. चहाच्या जागी सगळे हसतात. टाळ्या होतात. आणि मला राहवत नाही, मी दार ढकलून उंबऱ्यावर येते.

तेवढंच. उंबरा ओलांडला नव्हता. रात्री पानावर बसलो तेव्हा आई आमटी वाढत होती, तुम्ही भात कालवत होता, माझ्याकडे न बघता म्हणालात, "टाळ्या तुला नव्हत्या. पानाला होत्या." आईच्या हातातला ओगराळा तिथेच थांबला. मी जेवले, सगळं जेवले, कारण पानात टाकायचं नाही हीही तुमचीच शिस्त. सकाळी दळायला बसले तर जात्यावर शाईची दौत आणि कोऱ्या कागदांचा गठ्ठा ठेवलेला. तुम्ही कचेरीत निघून गेला होता. पुढे लग्न होऊन खालापूरला जाईपर्यंत दरवर्षी मी एक पान लिहिलं आणि दरवर्षी तुम्ही ते 'एका सभासदाचं' म्हणून वाचलंत. मी मात्र पुन्हा उंबऱ्यावर आले नाही.

तुम्ही माझे किती लाड केलेत आणि मला किती दाबलंत, याचा मेळ मला अजून लागलेला नाही. नियम तुमचा, की ज्याला आवडलं त्याने उभं राहावं. आणि जिला आवडलं तिला बसवून तुम्ही उभे राहिलात. कोर्टात समोरच्या वकिलाने असं केलं असतं तर तुम्ही त्याला सोडलं असतं का?

माझे यजमान गेल्यावर मी खालापूरहून परत आले आणि वाचनालयात बुधवारची दुपार सुरू केली. बायकांची. नुसतं वाचायला येते म्हटलं तर कुठल्याच घरातून सुटका होत नाही, म्हणून प्रत्येकीने सूप घेऊन यायचं असं ठरवलं. युद्ध सुरू झाल्यापासून रेशनच्या तांदळात खडे फार, निवडायला दुपार लागतेच. मग चटईवर गोल बसायचं, हात तांदळात, कान पुस्तकात, एकीने वाचायचं आणि दमली की दुसरीने. चिटणिसांची बायकोसुद्धा येते. पुस्तक परत केलं की पानांमधून खडे पडतात, अशी समितीची तक्रार आहे, आणि ती खरी आहे.

त्यातच एक भिसेगावची आहे, माझ्याहून थोडी लहान, घरची भातशेती. पहिल्या दिवशी दाराशी उभी राहून म्हणाली, "मला आयकायचं नाय, शिकायचं हाय. जमंल का सांगा, नायतर जाते, गुरं सोडायची हायत." तिचा मुलगा पलटणीत आहे, कुठे ते तिला ठाऊक नाही, कारण ठिकाण लिहायची त्याला परवानगी नाही. त्याची पत्रं ती पेठेतल्या दुकानदाराकडून वाचून घ्यायची. "माझ्या लेकाला तिकडं खरूज झाली," ती मला म्हणाली, "आनि मी घरी पोचायच्या आदी ती सगळ्या आळीला झाली." आता निम्मं पत्र ती स्वतः वाचते. उरलेल्या निम्म्यासाठी बुधवारी माझ्याकडे येते, आणि मी वाचत असताना माझ्या बोटाखालची अक्षरं बघत बसते.

तर गेल्या आठवड्यात चिटणीस पत्रकाचा मसुदा घेऊन स्वयंपाकघराच्या दाराशी आले. तुमच्या हाताखाली जे वकिली शिकले त्यांचाच हा मुलगा. माणूस वाईट नाही, मला ताई म्हणतो, आणि काही खाल्ल्याशिवाय उठत नाही. मी तव्यावर सुका जवळा भाजत होते. त्याला पाट दिला आणि मसुदा वाचला. दरवर्षी शेवटी एक ओळ असते, बुधवारी दुपारी स्त्रियांसाठी खोली उघडी राहील म्हणून. ती नव्हती.

"एक ओळ राहिली," मी म्हटलं.

"राहिली नाही, ताई. काढली. रेशनकार्डांचा कारकून यायचाय बुधवारी दुपारी, त्याला बसायला जागा नको का?"

"ओटा आहे की."

"सरकारी माणसाला ओट्यावर बसवू?"

"मला दाराआड बसवलं होतं. त्याला ओटा मिळतोय."

तो हसला. मग जरा गंभीर होऊन म्हणाला, "लोकांना तांदूळ मिळेना, ताई, आणि आपण वाचन घेऊन बसायचं. बरं दिसत नाही."

"तोच तांदूळ निवडतो आम्ही. तुमच्या घरचाही. जेवताना दाताखाली खडा येत नाही ना? मग."

त्याने जवळा संपवला, हात धुतले. जाताना दाराशी थांबला. "नियम तर तुम्हाला ठाऊकच आहे. ओळ हवी तर शिफारस करावी लागेल, उभं राहून, सगळ्यांसमोर. मामलेदारसाहेब असणार, स्टेशनमास्तर असणार. तुम्हाला कुठे या वयात अवघडायला लावू? एखादं पान लिहून द्या माझ्याकडे. मी वाचतो तुमच्या वतीने. वकीलसाहेब वाचायचे तसं."

आप्पा, तो अगदी मायेने म्हणाला. तुमच्यासारखाच. आणि मी हो म्हणणार होते, ओठावर आलं होतं. तव्यात उरलेला जवळा करपला तेव्हा भान आलं. म्हटलं, "नको. माझं मी बघेन."

बुधवारी बायकांना सांगितलं. सुपं जास्त जोराने हलायला लागली. रेल्वेच्या गार्डाची बायको म्हणाली, तिच्या घरून पुरुषांपुढे उभं राहू देणार नाहीत. चिटणिसांची बायको सुपातून मान वर करेना, तिने काय म्हणायचं. भिसेगावची म्हणाली, "तुमी ऱ्हा उब्या. मी मागं हाय. पडलात तर धरीन."

काल सगळे जमले होते. खुर्च्यांवर पुरुष, बाजूच्या पडवीत चटयांवर आम्ही. चिटणिसांनी बातम्या वाचल्या, वाळवीचा विनोद पुन्हा केला, लोक पुन्हा हसले. शिफारशी सुरू झाल्या. स्टेशनमास्तरांनी रेडिओवरच्या एका सतारीची शिफारस केली आणि मासला म्हणून तोंडानेच वाजवून दाखवली. पोटं दुखेपर्यंत हसलो. निवृत्त मामलेदारांनी संस्कृत नाटकाची केली, गेल्या वर्षी केली होती त्याचीच. खालापूरच्या एका तरुण मास्तराने सांगितलं, की तिकडच्या देवळातली कोरीव तुळई पाहून घ्या, गावकरी तिला तेलरंग फासायचं ठरवताहेत. मासला म्हणून त्याने कोळशाने काढून आणलेलं चित्र उभं धरलं. ही मला फार आवडली. तुम्हालाही आवडली असती, तुम्ही दुसऱ्याच दिवशी टांगा केला असतात. मग चिटणिसांनी तुमच्या रीतीप्रमाणे विचारलं, "आणखी कोणाची शिफारस?" तीनदा विचारून मिटवायचं असतं. पहिल्यांदा विचारलं तेव्हा मी बसूनच राहिले.

"उठा ना, बाय," भिसेगावची कानाशी कुजबुजली. "गुडगं धरलं काय?"

"थांब गं."

"मी थांबंन. त्यो थांबायचा नाय."

"आणखी कोणाची शिफारस?" चिटणीस दुसऱ्यांदा म्हणाले, आणि मी उठले. पडवीपासून ओट्यापर्यंत वाट अशी नाहीच, खुर्च्यांच्या मधूनच जावं लागतं. पाय आत घेत घेत मंडळींनी वाट दिली. मामलेदार खोकले. मी ओट्यावर चढले, सिस्टरने शिकवलं तसा एक हात खुर्चीच्या पाठीवर ठेवला, आणि पुस्तक उघडलं. तेच, खेचरावरच्या बाईचं. माझं जुनं मराठी पान केव्हाच गेलं, म्हणून इंग्रजीवर डोळे ठेवून तिथल्या तिथे मराठी करत वाचायचं ठरवलं होतं. म्हटलं, "बुधवारच्या दुपारची शिफारस. आम्ही हे तांदूळ निवडत वाचलं." आणि सुरू केलं.

वाचून झालं. चहाच्या जागी कालही हसले, पण आधी पडवीतून हसू आलं आणि मग खुर्च्यांमधून. टाळ्या पडल्या, थोड्या, इकडे तिकडे. मला तुमचं वाक्य आठवलं, आठवल्याशिवाय कसं राहील? असतील पानाला. पण पान काही स्वतःहून ओट्यावर चढत नाही, आप्पा. कोणीतरी ते घेऊन उभं राहावं लागतं, आणि काल ती मी होते, गावाने मला बघितलं.

मी उतरायच्या आतच भिसेगावची पदर खोचून ओट्याखाली येऊन ठेपली होती. "माजीबी शिफारस हाय."

"कसली?" चिटणीस.

"भात झोडताना आमी गातो, त्या गान्यांची."

मामलेदार खुर्चीतून म्हणाले, "ती ऐकायला आम्ही जायचं कुठे, बाई?"

"जायला कशाला पायजे, सायब? तुमच्याच खळ्यावर गातो आमी. तुमी पोत्यांकडं बघत असता, म्हनून आयकू येत नाय." लोक हसले, मामलेदारही हसले, उशिरा. तिने एक कडवं म्हटलं, मोकळ्या आवाजात, शेवटचा शब्द झोडणीच्या ठोक्यासारखा टाकत. मग ती तशीच उभी राहिली. "आनि आयका. माज्या लेकाचं पत्र मला अजून निम्मंच वाचता येतं. बुदवार बंद केलात तर मी निम्म्यावरच ऱ्हायची. त्यो लडाईत हाय. निम्म्यानं माजं भागायचं नाय."

चिटणिसांनी बायकोकडे बघितलं, ती त्याच्याकडेच बघत होती. त्याने शिसपेन्सिल काढली, मसुदा गुडघ्यावर ठेवला आणि शेवटी लिहिलं: बुधवार दुपार, स्त्रियांचे वाचन. शिफारस: कैलासवासी वकीलसाहेबांच्या कन्या. आणि मान वर करून, आता खूश ना, अशा नजरेने माझ्याकडे बघितलं.

मी पेन्सिल मागितली. त्याला वाटलं मला शुद्धलेखनाची चूक दिसली. मी तुम्हाला खोडलं, एका रेघेत, आणि शेजारी माझं नाव लिहिलं. पूर्ण. मग पेन्सिल भिसेगावचीकडे दिली. तिने माझ्या नावाखाली तिचं लिहायला घेतलं, अर्ध्यावर थांबली, ओठ हलवले, आणि उरलेलं लिहिलं. सगळे बघत असताना. पोपटीचं मडकं उघडलं तेव्हा चिटणीस पानावर शेंगा घेऊन माझ्याकडे आले. म्हणाले, "ओळ राहिली, ताई. कारकुनाला ओट्यावर बसवतो. पण वकीलसाहेबांचं नाव खोडलंत ते बरं नाही दिसलं."

"दिसू दे," मी म्हटलं, आणि शेंग सोलून खाल्ली. यंदाचे वाल गोड आहेत.

हे मी पाठकोऱ्या कागदांवर लिहिते आहे, जुन्या पत्रकांचे मसुदे आहेत मागे. कोरा कागद आता कोणाला मिळतो? पोस्टात टाकायला तुमचा पत्ता नाही आणि चुलीत घालणार नाही. फळीवर डाळीच्या डब्याखाली राहील. नाव खोडलं त्याबद्दल माफी मागायला बसले नव्हते आणि मागणारही नाही. तुम्ही पुन्हा तिथे लिहिलेले दिसलात तर पुन्हा खोडीन.

फक्त एक सांगायचं राहिलं. काल वाचताना मध्येच माझी गाडी अडली. इंग्रजी वाक्यात क्रियापद आधी येऊन जातं, मराठीत ते शेवटी यायचं, आणि तिथवर पोचेपर्यंत माझा श्वास पुरेना. पुराचं वाक्य मी दोनदा पहिल्यापासून घेतलं. ओट्यावर उभी असतानाच मला आपल्या परसातली विहीर दिसली. त्या वर्षी रविवारच्या आधीचे सगळे दिवस तुम्ही कचेरीतून आलात की विहिरीभोवती फेऱ्या घालत होता, माझं पान हातात, ओठ हलताहेत. मला वाटलं होतं तुम्ही माझं मराठी तपासताय, आणि मी घाबरून आतून बघत होते. तुम्ही त्यातलं एक अक्षर बदललं नव्हतंत. तुम्ही ते पाठ करत होता. ओट्यावर कागदाकडे एकदाही बघितलं नाहीत, आणि श्वास नेमका माझ्या पूर्णविरामावर घेतलात. आप्पा, ते पान तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं वाचलं होतं.